मुंबईत देवचाफा लावायचा असेल तर

मुंबईत चाफा तहानेने मेला असं फारसं ऐकू येत नाही. मरतो तो पाणी घालून घालून. त्यातही घात होण्याच्या वेळा दोनच. पहिली, फांदी नुकतीच कुंडीत लावलेली असते आणि तिला अजून मुळं फुटलेली नसतात तेव्हा. दुसरी डिसेंबर-जानेवारीत, सगळी पानं गळून झाड काठ्यांची मोळी दिसायला लागतं तेव्हा. घरातलं कोणीतरी हळहळून रोज तांब्याभर पाणी ओततं आणि मार्चपर्यंत बुंधा मऊ पडतो. या दोन वेळा सांभाळता आल्या, तर लहान बागेसाठी याच्याइतकं सोशिक झाड शोधून सापडणार नाही. कुंडीत ते दीड-दोन मीटरवर ठेवता येतं, जमिनीत पाच-सहा मीटरपर्यंत जातं आणि छाटणी सहन करतं. फूल लहान असलं तरी संध्याकाळी सगळा जिना दरवळतो.

१. कोणता चाफा, ते आधी ठरवा

नर्सरीत जाऊन नुसतं 'चाफा द्या' म्हणाल तर हातात सोनचाफाही पडू शकतो. सोनचाफा हे वेगळ्याच कुळातलं, मोठं होणारं सदाहरित झाड आहे. त्याची निगा वेगळी, हा लेख त्याचा नाही. इथे विषय आहे तो जाड, मांसल फांद्यांच्या, तोडल्यावर पांढरा चीक येणाऱ्या चाफ्याचा. याला कोणी देवचाफा म्हणतं, कोणी खुरचाफा, कोणी नुसताच पांढरा चाफा. मूळचा तो मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा, पण आपल्या देवळांच्या आवारात इतका रुजलाय की परका वाटत नाही. त्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया. शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून ते पडलं.

मुंबईत सहज मिळणारे प्रकार तीन:

- टोकदार पानांचा (प्लुमेरिया रुब्रा). पांढरी-पिवळी, गुलाबी, लाल, सगळ्या रंगांची फुलं यात येतात. हिवाळ्यात पूर्ण पानगळ होते. वास उत्तम.
- गोल टोकाच्या, गडद चकचकीत पानांचा (प्लुमेरिया ऑब्ट्युसा). नर्सरीवाले याला बहुधा 'सिंगापूर' म्हणतात. फूल पांढरं, मध्यभागी पिवळा ठिपका. मुंबईच्या सौम्य थंडीत याची पानं बऱ्याचदा टिकतात.
- पुडिका. पान लांबट, टोकाकडे चमच्यासारखं रुंद झालेलं. पांढऱ्या फुलांचे भरगच्च गुच्छ येतात, म्हणून सोसायट्यांच्या कुंपणाला हल्ली हाच दिसतो. वास मात्र जवळपास नाहीच. वासासाठी चाफा घेणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत याच्यात होते.

खरी पानगळ, उघड्या फांद्यांचा आकार आणि मग एका आठवड्यात फुटणारी पालवी बघायची असेल, तर पहिला घ्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यालाच धरून आहेत.

'थाई' म्हणून महाग विकली जाणारी रोपं बहुतेक वेळा कलमी असतात. कलमाचा सांधा बुंध्याशी फुगीर दिसतो. त्याच्या खालून आलेली फूट लगेच काढायची, नाहीतर दोन वर्षांनी गडद लाल फुलांऐवजी खालच्या झाडाची साधी फुलं येतात आणि नर्सरीवाल्याला विनाकारण शिव्या बसतात.

बियांच्या वाटेला नवख्यांनी जाऊ नये. शिंगांसारख्या जोडशेंगा दिसतात झकास आणि बी रुजतंही, पण फूल आईसारखं येईलच असं नाही. शिवाय थांबावं लागतं तीन-चार वर्षं.

२. जागा: सहा तास ऊन, नाहीतर नुसती पानं

दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. उत्तरेकडच्या बाल्कनीत चाफा जगतो, उंच होतो, पानांनी भरतो, पण फुलत नाही. समोरच्या टॉवरची सावली डिसेंबरात आणि मे महिन्यात वेगवेगळ्या ठिकाणी पडते. म्हणून मार्च ते मे या काळातलं ऊन मोजा, कारण कळ्या तेव्हाच धरतात.

कुंडी ठेवणार असाल तर वजनाचा हिशेब आधी करा. १६ इंची कुंडी ओल्या मातीसकट ५० किलोच्या आसपास जाते. ती ग्रिलच्या पट्ट्यांवर किंवा सज्ज्याच्या कडेवर ठेवायची वस्तू नव्हे. जूनमधल्या वाऱ्यात पानांनी भरलेलं झाड शिडासारखं वागतं. कुंडी जमिनीवर, भिंतीला लागून, भिंतीतल्या हुकाला दोरीने बांधलेली हवी. गच्चीवर ठेवताना कुंडी विटांवर उचलून ठेवा. त्याने पाणीही वाहून जातं आणि वॉटरप्रूफिंगवरून सोसायटीच्या सभेत तुमचं नावही निघत नाही.

कम्पाउंडमध्ये जमिनीत लावायचं असेल तर भिंतीपासून किमान दीड ते दोन मीटर सोडा. मुळं फार दांडगी नसतात, पण जमिनीखालची पाण्याची टाकी आणि ड्रेनेज लाइन कुठून जाते ते वॉचमनला नाही, प्लंबरला विचारा.

३. काय काय लागेल

- धारदार कात्री, आणि अंगठ्यापेक्षा जाड फांदीसाठी लहान करवत
- रबरी हातमोजे. चीक कातडीला चुणचुणतो आणि डोळ्यात गेला तर त्रास देतो. मुलांना आणि मांजरांना लांब ठेवा
- सुरुवातीला ८ ते १० इंची कुंडी, वर्षभराने १४ इंची. तळाला बोट जाईल एवढी किमान चार छिद्रं
- बांबूची काठी आणि सुतळी
- मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची लहान पुडी, नाहीतर चाळलेली लाकडाची राख
- निंबोळी तेल

कागदपत्रांचं म्हणाल तर घरातल्या कुंडीला काहीच लागत नाही. सामाईक गच्चीवर किंवा कम्पाउंडमध्ये लावायचं असल्यास सोसायटीची लेखी परवानगी घेऊन ठेवा. कमिटी बदलली की तोंडी परवानगी विसरली जाते. एकदा झाड जमिनीत वाढलं की ते तोडणं तुमच्या मर्जीवर राहत नाही. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार खासगी आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या फांद्या उतरवायच्या असतील तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. अर्जाबरोबर सोसायटीचं पत्र, झाडाचे फोटो आणि झाड नेमकं कुठे आहे याचा साधा नकाशा जवळ असू द्या. म्हणूनच पायरी २ मधली जागा नीट निवडा.

४. फांदी निवडणं आणि वाळवणं

काळ: फेब्रुवारीच्या मध्यापासून. लावलेल्या फांदीला मुळं धरायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दारात उभा असतो. उलटा हिशेब केला तर १५ एप्रिलच्या आत फांदी कुंडीत गेलेली असली पाहिजे. पावसाळ्यात कोणी प्रेमाने मोडून दिलेली फांदी दहातल्या आठ वेळा कुजते. नाही म्हणायचं नसेल तर घ्या, पण ती पागोळीच्या आत, न भिजता लावावी लागेल.

फांदी हातभर घ्या, म्हणजे ३० ते ४५ सेंटिमीटर. जाडी अंगठ्याएवढी किंवा जास्त. रंग बघा: करडी, खरखरीत साल असलेली फांदी पक्की. हिरवी, गुळगुळीत फांदी कोवळी, तिला हात लावू नका. शेंडा शाबूत हवा. दुसऱ्याच्या आवारातल्या झाडाची फांदी विचारून घ्या, आणि रस्त्याकडेच्या झाडाची घेऊच नका.

कापल्याबरोबर चीक ठिबकायला लागेल. टोक वाहत्या पाण्याखाली धरा किंवा फडक्याने टिपा, चीक थांबला की मॅन्कोझेबमध्ये किंवा राखेत बुडवा. पानं असतील तर ती देठाचा एक सेंटिमीटर ठेवून कात्रीने काढा, ओढून नको. शेंड्याला कळ्यांचा तुरा असेल तर तोही काढा. जीवावर येतं, पण बिनमुळाची फांदी फुलली तर साठवलेलं सगळं फुलावरच उधळते आणि मग सुकते.

आता ती सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी आडवी ठेवून द्या. अंगठ्याएवढी असेल तर आठ-दहा दिवस, मनगटाएवढी असेल तर पंधरा. कापलेलं टोक कोरडं, कडक, बुचासारखं झालं पाहिजे. साल थोडी सुरकुतली तर घाबरू नका. ही पायरी गाळणारे पुष्कळ. ताजी फांदी ताज्या मातीत लावली की चांगलं वाटतं, पण ती उघडी जखम ओल्या मातीत गेलेली असते.

५. माती

तीन घमेली लाल माती आणि एक घमेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), हे नर्सरीचं नेहमीचं मिश्रण चाफ्याला घातक आहे. आपली लाल माती बारीक असते, चार पावसांत दाबून विटेसारखी बसते. कोकोपीट पाणी धरून ठेवायलाच बनवलंय. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडणाऱ्या शहरात ओल धरून ठेवणारी कुंडी कशाला हवी?

हे प्रमाण घ्या:

- लाल माती २ भाग
- विटांचे वाटाण्याएवढे तुकडे किंवा बारीक खडी २ भाग
- पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट १ भाग
- १४ इंची कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड

फांदी रुजवण्याच्या छोट्या कुंडीत मात्र शेणखत आणि पेंड घालू नका. तिथे नुसती माती आणि दुप्पट खडी.

खडीच्या बाबतीत दोन सूचना. बांधकामावर मिळणाऱ्या क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी असते, ती छिद्रं बुजवते. चाळून, दोनदा धुऊन घ्या. आणि शेजारच्या फ्लॅटच्या तोडफोडीतले विटांचे तुकडे फुकट मिळतात खरे, पण त्यांना चिकटलेलं सिमेंट-प्लास्टर आधी ठोकून काढा. चौपाटीची वाळू नकोच, तिच्यात मीठ असतं.

६. लावणं

मिश्रण आधीच किंचित ओलं करून घ्या. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. फांदी ८ ते १० सेंटिमीटर खोल खुपसा, भोवती माती बोटांनी दाबा, काठी रोवून सुतळीने दोन ठिकाणी बांधा. बांधणं हा नुसता सोपस्कार नाही. फांदी वरून जड असते, हलली की सुतासारखी नवी मुळं तुटतात आणि तुम्हाला कळतही नाही.

पहिले दहा दिवस पाणी अजिबात नाही. त्यानंतर आठ-दहा दिवसांतून एकदा पेलाभर, कुंडीच्या कडेने. सकाळचं ऊन लागेल आणि दुपारी सावली येईल अशी जागा बघा.

मग तीन-चार आठवड्यांनी शेंड्याला दोन चिमुकली, चकचकीत पानं डोकावतात, आणि इथेच घोळ होतो. पानं आली म्हणजे मुळं आली असं समजून लोक पाणी सुरू करतात. ती पानं फांदीत साठलेल्या रसावर आलेली असतात, खाली अजून काही नसतं. पानं वीतभर होऊन चार-पाच झाली, आणि फांदी हलकेच वर ओढल्यावर तिने धरून ठेवल्याचं जाणवलं, की समजा मुळं आली. तोवर हात आवरा. दोन पानं येऊन महिनाभर तिथेच अडकली असतील तरी उपटून बघायचं नाही.

जमिनीत लावायचं रोप पावसाच्या पहिल्या सरींनंतर लावा. खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. वरचं तोंड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच, उंचवट्यासारखं ठेवा. सपाट जमिनीत लावलं तर जुलैत बुंध्याभोवती तळं होतं. पावसाचं पाणी साचणाऱ्या सखल कम्पाउंडमध्ये जमिनीचा नादच सोडा, अर्ध्या कापलेल्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये लावा.

७. वर्षभराचं पाणी

रुजलेल्या, १४ इंची कुंडीतल्या झाडासाठी:

- मार्च ते मे: बोट दोन इंच आत घालून बघा. कोरडं लागलं तर तळातून निथळेपर्यंत पाणी. साधारण दोन-तीन दिवसांनी वेळ येते.
- जून ते सप्टेंबर: उघड्यावर असेल तर काहीही नको.
- ऑक्टोबर: पाऊस गेल्यावरच्या उकाड्यात पुन्हा दोन-तीन दिवसांनी.
- नोव्हेंबर: पानं पिवळी पडायला लागली की पाणी अर्ध्यावर आणा.
- डिसेंबर ते फेब्रुवारी: पानं नाहीत, तर पाणी नाही. फार तर पंधरा-वीस दिवसांनी अर्धा लिटर. जमिनीतल्या झाडाला तेही नको.

पान हाच पाणी उडून जायचा मुख्य रस्ता. तो बंद असताना घातलेलं पाणी मातीतच बसून राहतं आणि मुळं सडवतं. झाड मेलंय की झोपलंय अशी शंका आली तर फांदी चिमटीत दाबा. टणक लागली तर ठीक. नखाने साल किंचित खरवडा, खाली हिरवं दिसून चीक आला तर शंका मिटली. फांदी दाबल्यावर पोकळ किंवा पिकल्या केळ्यासारखी लागली, तर मात्र थेट शेवटच्या पायरीवर जा.

फेब्रुवारीच्या शेवटी शेंड्यांवर नजर ठेवा. टोक चकाकायला लागतं. एकच अणकुचीदार कोंब दिसला तर पानं येणार. बाजूला गुठळ्यांचा गोळा, तांबूस-हिरवा, दिसला तर तो फुलांचा तुरा. त्याला धक्का लावू नका. पाणी वाढवायचं ते पानं बोटभर झाल्यावर, हळूहळू.

८. पावसाळा

३१ मेच्या आत चार कामं करा. कुंडीची छिद्रं तारेने मोकळी करा. सगळ्या थाळ्या काढून ठेवा: त्यात पाणी साचून मुळंही कुजतात आणि डासांच्या अळ्याही होतात, आणि पालिकेचा माणूस तपासणीला आला की नोटीस तुमच्या नावाची निघते. लांब, लटकत्या फांद्यांना काठीचा आधार द्या, कारण चाफ्याचं लाकूड ठिसूळ असतं. खत बंद करा. यंदाच रुजलेली छोटी कुंडी जून-जुलै पागोळीच्या आत, पण उजेडात ठेवा.

ऑगस्टच्या सुमारास पानांच्या मागे नारिंगी भुकटी दिसेल. हा तांबेरा. हाताला हळदीसारखा लागतो, आणि मुंबईच्या दमट हवेत तो जवळपास ठरलेलाच. झाड त्याने मरत नाही, पानं मात्र लवकर गळतात. लागलेली पानं काढून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कुंडीत खत म्हणून पसरू नका. उघडीप मिळाली की मॅन्कोझेब २ ग्रॅम प्रति लिटर, पानाच्या खालच्या बाजूने फवारा. पावसात फवारणं म्हणजे औषध गटारात ओतणं. सप्टेंबरच्या शेवटी तसंही झाड पानं टाकायच्या तयारीत असतं, तेव्हा जास्त मागे लागू नका.

९. छाटणी आणि खत

चाफ्याची फांदी शेंड्याला फुलते आणि फुलून झाली की तिथूनच दोन-तीन फाटे फोडते. त्यामुळे छाटलेली फांदी बहुधा त्या वर्षी फुलत नाही. सगळं झाड एकदम भादरलं तर वर्ष वाया. दर वर्षी एक तृतीयांश फांद्या घ्या, फेब्रुवारीत, पालवी फुटायच्या आधी. आत वळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या आधी. काप तिरका द्या म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही. कापलेल्या फांद्या टाकू नका, पायरी ४ साठी हाच माल.

खताचं फार अवडंबर नको. मार्चमध्ये पानं आली की १४ इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर बोनमील (हाडांची भुकटी), मे आणि ऑक्टोबरात पुन्हा गांडूळखत. युरिया घालाल तर हातभर पानं येतील आणि फूल एकही नाही. दोन वर्षांतून एकदा, मार्चच्या सुरुवातीला, कुंडीतली माती बदला.

१०. बिघडलं तर

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मग संध्याकाळी निंबोळी तेल ५ मिली आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब एक लिटर पाण्यात घोळून फवारा, आठवड्याने परत. मुंग्यांची रांग चढताना दिसली तर पिठ्या कुठेतरी आहेच. ऑक्टोबरात पानं फिकट, ठिपक्याठिपक्यांची झाली तर लाल कोळी. तोही पानाच्या मागे असतो आणि पाण्याच्या धारेला भितो.

बुंधा किंवा फांदी मऊ, काळी पडली तर वाट बघू नका. कुजका भाग सोडून चांगल्या भागात काप द्या आणि कापलेलं तोंड बघा. मध्यभागी तपकिरी ठिपका दिसला तर अजून दोन बोटं वर कापा. पूर्ण पांढरं लाकूड आणि कडेने चीक येईपर्यंत कापत राहा, दर वेळी पातं स्पिरिटने पुसून. उरलेली फांदी हातभर असली तरी झाड वाचलं: राखेत बुडवा, पंधरा दिवस वाळवा, नव्या खडीत लावा. पावसाळा असेल तर ती पागोळीच्या आतच ठेवा.